निम्मा आवाज

१

दुपारच्या जेवणाआधी चनबसप्पा माडीवरच्या सोवळ्याच्या खोलीत जात आणि दार लोटून घेत. हा नेम त्यांच्या वडिलांचा, सिद्रामप्पांचा. तोच पुढे त्यांनी चालवला होता. चाटी गल्लीतल्या दुकानात चादरींचे गिऱ्हाईक खोळंबलेले असो की घरी पाहुणा ताटावर बसलेला असो, नेम चुकत नसे. आसनावर बसावे, कपाळाला आणि दंडांना भस्म लावावे, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यावे, त्यावर दृष्टी ठेवून मौन धरावे. तेवढ्या वेळात बाळीवेशीतल्या त्या घरात त्यांना कुणी हाक मारीत नसे आणि जिन्यावर पाय वाजवीत नसे.

समाजात त्यांच्या शब्दाला वजन होते. भावांच्या वाटण्या, जावा-जावांचे तंटे त्यांच्यापुढे येत. ते थोडे बोलत आणि बोललेले फिरवत नसत. ‘दिलेलं परत घेत नाहीत,’ हे त्यांचे वाक्य लोकांना पाठ होते.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी घरात फोन आला. त्या गल्लीत तो एकटाच होता. खालच्या सोप्यात, कोनाड्यात, क्रोशाच्या रुमालाखाली तो काळा ठोकळा बसला आणि घराची पत वाढली.

त्यांची एकुलती लेक दाक्षायणी कुर्डुवाडीला दिलेली होती. व्याही भुसार मालाचे व्यापारी. तिकडचा आठवडी बाजार असे त्या दिवशी दुपारी सोप्यातली घंटी वाजे. माडीवर मौनात बसलेल्या चनबसप्पांना पत्नीचा आवाज ऐकू येई. शब्द नव्हे, नुसता आवाज, खाली दाबलेला.

“कुणाचा होता?” जेवताना त्यांनी विचारले.

“दाक्षीचा,” सुंदरम्मा म्हणाल्या. “शेजारच्या डॉक्टरांच्या आई फोन करू देतात तिला. खुशाली विचारत होती.”

“खुशालीला इतका वेळ?”

“पोरीची जात. बोलते की.”

पुढच्या बाजाराला घंटी पुन्हा त्याच वेळी वाजली. त्याच्या पुढच्या बाजारालाही. तेव्हा चनबसप्पांच्या ध्यानात आले. अप्पा पूजेत असतात, अप्पा खाली येणार नाहीत, हे लेकीला ठाऊक होते. त्यांच्या मौनाचा आडोसा करून मायलेकी बोलत होत्या.

ज्याच्या घरात त्याच्यापासून चोरून बोलावे लागते, त्याने आधी स्वतःकडे पाहावे. चनबसप्पांनी भिंतीकडे पाहिले. खालून तार कुठून वर घेता येईल, ते पाहत होते.

२

त्या सोमवारी सुंदरम्मा सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेल्या असताना धोंडप्पा आला. जन्मभर फोनच्या तारा ओढून आता तो घरी बसला होता; कुणी बोलावले की खाजगीत असली कामे करून देई. पिशवीतून त्याने एक जुना फोन काढला आणि सोवळ्याच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थबकला.

“हितं? देवाच्या खोलीत?”

“इथे कुणी येत नाही.”

“देव येतुया की, मालक.”

चनबसप्पा हसले नाहीत. धोंडप्पाने पाय धुतले आणि आत आला. मागच्या भिंतीवरून, खिडकीच्या फटीतून त्याने तार आत घेतली. विभूतीचे गोळे ठेवलेल्या फळीखाली फोन बसवला.

“घंटी नको,” चनबसप्पा म्हणाले.

“मग फोन आल्याला कळायचं कसं?”

“खालची वाजली की कळेल.”

“आन बोलताना—”

“बोलायचं नाही.”

धोंडप्पाने मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिले. “म्हंजी ऐकायचाच फोन म्हना की.” मग हातातल्या पक्कडीकडे पाहत तो म्हणाला, “एक सांगून ठिवतो, मालक. डबडी दोन झाली, पर तार एकच हाय. ताट एक आन जेवनारी दोन. तुमी वर उचललं की खालचा आवाज निम्मा हुनार. भाकरी तेवडीच, वाटा निम्मा. बाईंच्या ध्यानात येईल न्हवं.”

“तिला वाटेल लाईन खराब आहे.”

“ते बी खरं. लाईनीला शिव्या द्यायची लोकास्नी सवयच हाय.” तो उठला. “फकस्त तिसरं बसवू नगा. तिसरा ताटावर बसला की समदे उपाशी.”

जाताना उंबऱ्याला हात लावून त्याने तो कपाळाला लावला. चनबसप्पांनी फोन धुतलेल्या वस्त्राने झाकला. वस्त्राखाली ती वस्तू पूजेच्या सामानातलीच एक वाटू लागली. त्यांना त्याचे समाधान वाटले, आणि समाधान वाटल्याचे नवल वाटले नाही.

३

बाजाराच्या दिवशी घंटी वाजली. चनबसप्पांनी तळहातावरचे लिंग उचलून डबीत ठेवले. डावा हात मोकळा झाला. त्याच हातात त्यांनी रिसीव्हर घेतला. लिंगावर घातलेल्या पाण्याने तळवा अजून ओला होता.

आवाज निम्मा झाला, पण शब्द ऐकू येत होते.

“अव्वा, परवा परत कोंडलं. माजघरामागच्या खोलीत. दिवे लागेपर्यंत पाणीसुद्धा नाही दिलं.”

“का गं? काय झालं?”

“काय व्हायला लागतंय? भाकरी जाड झाली म्हणे. सासूबाईंना पापडासारखी पातळ लागते. तोंडात दात दोन, आणि हट्ट बत्तिशीचा.”

ती हसली. मग हसणे थांबले आणि तार नुसतीच खरखरत राहिली.

“जावई काही म्हणत नाहीत?”

“कडी तेच लावतात, अव्वा.” दाक्षायणीचा आवाज खाली आला. “मागच्या अंगणात विहीर आहे. खोलीच्या खिडकीतून तीच दिसते. दिवसभर तीच दिसते. अव्वा, अप्पांना विचारशील का? पंचमीला येते आणि राहते. स्वयंपाक करीन, दुकानातल्या चादरींच्या दशांना गाठी मारीन. फक्त परत पाठवू नका म्हणावं.”

“विचारते, बाळ.”

“पूजेत आहेत न्हवं?”

“हो. वर आहेत.”

“एक बेलपान माझ्या नावानं वाहायला सांग.”

तीन मिनिटे झाल्याचे ट्रंक कॉल जोडणाऱ्या एक्स्चेंजवरच्या बाईने सांगितले. चनबसप्पांनी रिसीव्हर ठेवला, पुन्हा भस्म लावले आणि जेवायला उतरले.

सुंदरम्मांनी कडक भाकरी मोडून त्यांच्या ताटात घातली, वर शेंगाचटणी वाढली. “दाक्षी पंचमीला येते म्हणत होती.”

“येऊ दे. चार दिवस राहील, जाईल.”

“थोडी जास्त राहीन म्हणत होती. तिकडं तिला जरा—”

“दिलेलं परत घेत नाहीत.”

सुंदरम्मांच्या हातातला डाव आमटीच्या भांड्यावर थांबला. मग त्यांनी तो आत बुडवला. यांना काही माहीत नाही म्हणून हे असे बोलतात, असे त्या बाईला वाटले. आणि त्या समजुतीत तिला थोडा आधारही होता. माहीत झाले तर असे बोलणार नाहीत, एवढी जागा त्या समजुतीत उरत होती.

चनबसप्पा ताट धुऊन ते पाणी प्यायले. त्यांच्यात अन्न टाकीत नाहीत.

४

असे काही आठवडे गेले. ते ऐकत, ठेवत, भस्म लावत, उतरत. आपण घराचे रक्षण करतो आहोत, असे ते स्वतःला सांगत. बापाला सगळे माहीत असावे. माहीत असून स्थिर राहावे. यालाच धीर म्हणतात. पाप करणारा माणूस त्याला नेहमी सद्गुणाचेच नाव देतो, दुसरे नाव त्याला सुचत नाही.

एका दुपारी ऊन इतके होते की पत्र्यावर कावळा टेकत नव्हता. घंटी वाजली. त्यांनी उचलले. आवाज निम्मा झाला, जसा होई.

मग तो आणखी निम्मा झाला.

दाक्षायणी बोलतच होती. पण आता ती खोल रांजणात तोंड घालून बोलल्यासारखी लागत होती. चनबसप्पांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. उन्हाने तारा ताणल्या असतील. कुर्डुवाडीत जोड सैल झाला असेल. ट्रंकवरची बाई ऐकत बसली असेल. त्या ऐकतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ही तीनही कारणे चांगली होती. एकेक त्यांनी मनाशी नीट मांडले.

तेवढ्यात त्यांना श्वास ऐकू आला.

सावकाश आत जाणारा, सावकाश बाहेर येणारा. आणि बाहेर येताना शेवटी बारीक शीळ. आपलाच असेल म्हणून चनबसप्पांनी श्वास रोखला.

तो चालूच राहिला.

“अव्वा,” दाक्षायणी लांबून म्हणाली, “मध्ये कुणी आहे का?”

“ट्रंकवाली असेल गं. तू बोल.”

चनबसप्पांनी रिसीव्हर हलकेच खाली ठेवला. आता खालचा आवाज तरी मोकळा व्हायला हवा होता. ते दाराशी जाऊन उभे राहिले. सोप्यातून सुंदरम्मा ओरडत होत्या, “मोठ्यानं बोल, दाक्षी! ऐकूच येत नाही! हॅलो!”

त्यांनी ठेवले होते. दुसऱ्या कुणीतरी ठेवले नव्हते.

५

धोंडप्पाला त्यांनी पुन्हा बोलावले. सुंदरम्मांना सांगितले की आवाज नीट येत नाही, माणूस लाईन बघून जाईल. धोंडप्पाने खालचा फोन उघडला, फुंकला, बंद केला. खांबापासून घरापर्यंत आणि घराच्या मागच्या भिंतीवरून वरपर्यंत त्याने तार बोटांतून ओढून पाहिली. कुठे जोड नव्हता, कुठे फाटा नव्हता.

“दोनच हायती, मालक. तिसरं कुटं न्हाय.”

“गल्लीत कुणी आपल्या तारेवर घेतलं असेल.”

“घेतलं तर घावलं असतं की. तार काय धूर हाय व्हय?”

सुंदरम्मा शेजारी गेल्यावर वरच्या खोलीत त्याने रिसीव्हर कानाला लावला आणि चनबसप्पांना खाली पाठवले, खालचा उचलायला. ते उचलून उभे राहिले. वरून धोंडप्पा त्या तारेतून म्हणाला, “मालक, बोला.”

“बोलतो आहे.”

“आता गप ऱ्हावा.”

ते गप्प राहिले. धोंडप्पाही गप्प होता. जिन्यावरून त्याची पावले येताना वाजली तेव्हा चनबसप्पांना कळले की त्याने वरचा फोन केव्हाच ठेवला आहे. त्यांच्या कानाशी श्वास अजून चालूच होता.

धोंडप्पा पायऱ्यांवरच थांबला. त्याच्या तोंडावरची थट्टा गेली होती.

“ह्यो वरचा काढून टाकू या.”

“का?”

“काढून टाकू या म्हनतो. आत्ता.”

“काय ऐकलंस ते सांग.”

“मी काय ऐकनार? मी तारवाला मानूस. तारेत दोष आसंल तर सांगीन.” त्याने पिशवी काखेत धरली. “दोष तारेत न्हाय, मालक.”

“राहू दे तो,” चनबसप्पा म्हणाले. “मला कळायला पाहिजे कोण आहे.”

हे सर्वस्वी खरे नव्हते. त्यांना ऐकण्याची सवय लागली होती, आणि ती सुटत नव्हती.

धोंडप्पा पुन्हा त्या घरात आला नाही. बाजारात दिसला तर रामराम करी, पण लांबून.

६

“अहो,” एका दुपारी सुंदरम्मा वाढता वाढता म्हणाल्या, “एक विचारू का? रागावू नका.”

“विचार.”

“फोनवर कुणीतरी असतं. दाक्षीशी बोलताना. श्वास येतो.”

“ट्रंकवाली असते.”

“मामंजींना दमा होता न्हवं? श्वास सोडताना शेवटी शीळ वाजायची.” त्यांनी पदर डोक्यावर ओढला. “तसा येतो.”

चनबसप्पांनी हातातला घास खाली ठेवला. “तुला कळतं का काय बोलतेस? शरण गेला की लिंगैक्य होतो. ऐक्य झालं की मागं काही उरत नाही आणि परत काही येत नाही. भुतंखेतं आपल्यात नाहीत. अप्पांना मी माझ्या हातानं समाधीत बसवलंय. डाव्या तळहातावर लिंग दिलंय, विभूती भरलीय, माती लोटलीय. श्वास कुठला?”

“मी कुठं काय म्हणते? आठवलं म्हणून सांगितलं.” त्यांनी आमटीचे भांडे चुलीवर सरकवले. मग चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, “मी नवी नवरी होते तेव्हा. पार्वतम्मावन्सं पंचमीला आल्या होत्या. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं सांगितलं त्यांनी. पाठ उघडी करून दाखवली. मी कणीक मळत होते. दाराआड मामंजी उभे होते. मला त्यांचा हात दिसत होता चौकटीवर, भस्म लावलेला. आणि ती शीळ.”

“मग?”

“मग काय? सगळं ऐकलं त्यांनी. आत येऊन जेवायला बसले. काही विचारलं नाही. पंचमी झाली तसा टांगा सांगितला.”

पार्वतम्मा ही चनबसप्पांची थोरली बहीण. त्या टांग्याचा घुंगुरवाळा घोडा त्यांना आठवत होता. त्यानंतरचे आठवायला काही नव्हते, कारण त्यानंतर ती आली नाही.

“दाक्षीला आणा,” सुंदरम्मा म्हणाल्या. संसारात पहिल्यांदाच त्यांनी असे सरळ शब्द वापरले होते. “तुम्हाला माहीत नाही तिकडं काय चाललंय. मी सगळं सांगते. ऐकून घ्या, आणि मग काय ते म्हणा.”

चनबसप्पा उठले. “माहीत आहे,” हा शब्द त्यांच्या ओठापर्यंत आला. तो उच्चारला असता तर ‘कसे’ हेही सांगावे लागले असते. त्यांनी हात धुतला.

“नंतर सांग,” ते म्हणाले.

७

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वरचा फोन सोडवला. स्क्रू काढले, तारेची टोके चिंधीने बांधली, फोन जुन्या ट्रंकेत घालून कुलूप लावले. फळीखाली त्याचा चौकोनी डाग राहिला. त्यांनी तो शेणाने सारवला. आता घरात एक तार आणि एकच फोन. ताटावर एकटाच.

बाजाराच्या दिवशी ते पूजेला बसले, पण लिंग डबीतून काढले नाही. त्यांनी रात्रभर विचार केला होता आणि सकाळी एक गोष्ट ठरवली होती: आज घंटी वाजली की आपण खाली उतरायचे, लेकीशी बोलायचे, ये म्हणायचे. इतक्या वर्षांचे वाक्य मोडायचे. लोक हसतील, हसू देत.

घंटी वाजली. ते उतरले. सुंदरम्मांनी फोन उचलला होता; नवऱ्याला जिन्यावर पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“काय? काय म्हणतेस? दाक्षी, मोठ्यानं—” त्यांनी रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. “अहो, ऐकू येत नाही. अगदी बारीक येतंय.”

चनबसप्पांनी त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला. उजव्या हातात. एकच फोन होता, आणि आवाज निम्म्याचाही निम्मा येत होता.

“…सासूबाई बाजारात नाही गेल्या आज. मी भिंतीवरून आलेय. अव्वा, आज मला काय ते सांग. अप्पांना विचारलंस का? हो का नाही, एवढंच सांग.”

“दाक्षी,” चनबसप्पा म्हणाले. “बाळ, मी बोलतोय. तू ये. मी येतो न्यायला. दुपारच्या गाडीनं निघतो. ऐकलंस का?”

“अव्वा? अव्वा, तुझा आवाज कुठं गेला?”

“दाक्षायणी!” ते ओरडले. सोप्यातली भांडी झणाणली. रस्त्यावरून जाणारा ईरप्पा पानवाला दारात येऊन उभा राहिला. “ये! घरी ये! मी अप्पा बोलतोय!”

मग ती सावकाश, कान देऊन ऐकणाऱ्या माणसासारखी बोलली.

“नुसता श्वास येतोय.” आणि मग, “अप्पा?”

“हो! हो, मीच!”

“अप्पा, तुम्ही आहात का? बोला की. हाच श्वास दर वेळी असतो मध्ये.” तिचा आवाज आणखी लांब गेला. “तुम्ही होता तो. तुम्ही वरून दर वेळी ऐकत होता.”

चनबसप्पा ओरडत होते. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि ईरप्पा पानवाल्याने प्रत्येक शब्द दारातून ऐकला. नंतर त्याने तो साऱ्या गल्लीला सांगितला. ज्या एका कानासाठी तो शब्द होता, तिथे मात्र त्यातला एकही पोचला नाही.

“बरं,” दाक्षायणी म्हणाली.

आणि तिने फोन ठेवला.

८

पॅसेंजर सुटायला अवकाश होता. ईरप्पा टांगा आणायला धावला. परत फोन जोडून द्या म्हणून सुंदरम्मा एक्स्चेंजला विनवीत होत्या आणि तिकडून बाई म्हणत होती, मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही. चनबसप्पा टोपी आणि उपरणे घ्यायला वर गेले. दोन्ही सोवळ्याच्या खोलीबाहेर खुंटीवर होती. आत जायचे कारण नव्हते.

त्यांनी टोपी घातली. उपरण्याला हात लावला आणि आतून त्यांना दाक्षायणीचा आवाज ऐकू आला.

निम्मा नव्हे. पुरा. भिंतीपलीकडे बसून बोलत असावी इतका स्वच्छ. इतके आठवडे जो आवाज त्यांना वाटून वाटून मिळाला होता, तो सगळाच्या सगळा त्या खोलीत होता.

दार लोटलेले होते. त्यांनी ते बोटाने ढकलले, चार बोटांची फट पडेल एवढे.

खिडकी बंद असल्याने आत उजेड कमी होता. आसनावर कुणीतरी बसले होते. पाठ दाराकडे होती, मांडी घातलेली होती. दंडावर भस्माचे पट्टे. आणि खांद्याच्या खोलगट जागी माती, ओली, अजून न सुटलेली. डावा हात कोपरात वळलेला होता आणि तळवा कानाशी धरलेला होता. तळव्यात काही नव्हते. श्वास बाहेर आला आणि शेवटी शीळ वाजली.

मान वळेल असे वाटले. चनबसप्पांनी डोळे मिटले.

डोळ्यांना पापणी असते. कानाला देवाने ती दिली नाही, आणि का दिली नाही याचा विचार माणसाने करावा.

दाक्षायणी बोलत होती. आईलाही जे तिने कधी सांगितले नव्हते ते सांगत होती. विहिरीच्या काठाच्या दगडाबद्दल बोलत होती; तो किती गुळगुळीत आहे, पाय कसा टेकतो. मध्येच तो आवाज दाक्षायणीचा राहत नसे. तेच शब्द, तोच हुंदका, पण जुन्या बोलीतला, आणि त्याच्यामागे टांग्याचे घुंगूर. मग पुन्हा दाक्षायणी.

खालून ईरप्पाने हाक मारली, “मालक, टांगा आला!”

निघाले पाहिजे, हे त्यांना कळत होते. एक पाऊल मागे, मग जिना, मग टांगा. पण ती अजून बोलत होती आणि वाक्य पुरे झाले नव्हते. हे एवढे ऐकावे, मग निघावे. त्यांचा हात चौकटीवर होता. हातावर सकाळचे भस्म होते.

“मालक, गाडी चुकंल!”

स्टेशनच्या बाजूने शिटी आली. ती त्यांनी ऐकली. तिच्यामागून डब्यांचा खडखडाट आला आणि विरत गेला, तोही त्यांनी ऐकला. आतला आवाज तेव्हा कुठे थांबला.

सुंदरम्मा जिना चढून आल्या तेव्हा ते दाराआड तसेच उभे होते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले, मग चौकटीवरच्या त्या हाताकडे पाहिले. तो हात त्यांनी याआधी एकदा पाहिला होता.

“तुम्ही गेला नाहीत,” त्या म्हणाल्या.



९

दिवे लागायच्या सुमाराला घंटी वाजली. सुंदरम्मांनी उचलले, ऐकले आणि खाली बसल्या. फोन कुर्डुवाडीहून होता. “विहीर,” एवढेच त्या म्हणाल्या.

त्या पंचमीला बाळीवेशीत झोके बांधले गेले, माहेरवाशिणी आल्या आणि गेल्या. चनबसप्पांच्या दारात लोक तंटे घेऊन येईनासे झाले. ईरप्पा मात्र बायकांना शपथेवर सांगे, की बाप ये ये म्हणून ओरडत होता, मी माझ्या कानाने ऐकले आहे. खरेच ऐकले होते त्याने. त्याने कुणाचे काय भले झाले?

चनबसप्पांचा नेम चुकत नाही. दुपारी ते वर जातात आणि दार लोटून घेतात. पूजा पूर्वीपेक्षा लांबते. जेवण थंड होते, तरी सुंदरम्मा हाक मारीत नाहीत. एकदा दार पुरते लागले नव्हते, तेव्हा त्यांनी जाता जाता आत पाहिले. डबी गळ्यात मिटलेली होती. पतीचा डावा तळवा कानाशी होता.

खालचा फोन तसाच आहे. वरचा अजून ट्रंकेत कुलपात आहे. फोन खात्याची माणसे येऊन तार बदलून गेली. तरीही त्या घरात फोन केला की आवाज निम्माच येतो. करकंबहून सुंदरम्मांची धाकटी बहीण रंभाबाई अधूनमधून फोन करते. ती नेहमी ओरडून बोलते आणि नेहमी वैतागते.

“अगं, काय हा फोन! कुणी आहे का मध्ये?”

“आहेत की,” सुंदरम्मा म्हणतात. “पण ते बोलत नाहीत.”